गावाची चेष्टा करणारी बाई

माझा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी आधी पाणी मागतो. एका वाक्यात सांगता येत नाही. शिक्षक म्हणावं तर शाळा नाही, प्राध्यापक म्हणावं तर कॉलेज नाही, आणि क्लासवाला म्हटलेलं आमच्या घरात चालत नाही. बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यात बांगड्यांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या माडीवर लाकडी जिन्यानं चढून आलात तर पंख्याच्या आवाजावर आवाज काढणारा, खडूनं माखलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ दिसेल. तो मी. मी मुलांना इंग्रजीचे उतारे सोडवायला शिकवतो.

इंग्रजी शिकवतो असं मी म्हटलेलं नाही, हे ध्यानात घ्या. इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. एकदा किल्ला बघायला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्यानं मला असीरगडचा रस्ता विचारला. मी त्याला इतक्या व्याकरणशुद्ध वाक्यात उत्तर द्यायला लागलो की वाक्य पुरं होईपर्यंत त्याला एका रिक्षावाल्यानं बसवून नेलंसुद्धा. माझं इंग्रजी बसून, मान खाली घालून, पेन्सिल हातात घेऊन वाचायचं इंग्रजी आहे. पण त्या इंग्रजीत मी वाघ आहे. निदान जिना उतरेपर्यंत तरी.

बाहेरच्या माणसासाठी हा धंदा जरा उलगडून सांगतो. बारावीनंतर दिल्ली-बनारसच्या मोठ्या विद्यापीठांत जायचं तर हल्ली नुसते बारावीचे मार्क चालत नाहीत, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तालुक्याच्या पोरांनी कॉम्प्युटरसमोर बसायचं, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं, आणि समोर इंग्रजीचा एक लांबलचक उतारा येतो. त्याच्याखाली प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. त्यातलं एक खरं असतं, एक उघड खोटं असतं, आणि दोन खऱ्यासारखा चेहरा करून बसलेली असतात. त्या दोघांच्या जिवावर माझं घर चालतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक पोरगा उतारा वाचायचाच नाही. चारांतलं सगळ्यांत लांब उत्तर धरायचा. मी त्याला खूप रागावलो, आणि मग सराव परीक्षेत माझ्या आवडत्या मुलांपेक्षा त्याला जास्त मार्क पडले. तेव्हापासून मी स्वतः प्रश्न काढतो तेव्हा खोटी उत्तरं लांबलचक लिहितो. दुसरा एक स्टेशनजवळच्या चहावाल्याचा मुलगा. उताऱ्यात होतं की अति चहानं झोप उडते. ह्यानं उत्तर दिलं, चहानं झोपेला काही होत नाही. मी म्हटलं, अरे, उताऱ्यात स्पष्ट लिहिलंय. तो म्हणाला, सर, लिहिणाऱ्यानं आमच्या दुकानावर यावं, माझे वडील दिवसभर चहा पितात आणि बसल्या जागी घोरतात. त्याला मी सांगितलं ते अजून प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. उतारा हा सासरचा माणूस आहे. त्या घरात आहोत तोवर तो म्हणेल ते खरं. आपलं खरं आपल्या घरी येऊन सांगायचं.

तर असा हा सुखाचा धंदा चालला होता, आणि त्यात माझी भाची येऊन दाखल झाली.

हर्षाली ही माझ्या ताईची मुलगी. ताईला खकनारला दिलेली. दाजींची केळी आहेत, थोडा कापूस आहे, माणूस कष्टाळू आणि अबोल. पोरगी मात्र बोलघेवडी. बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात तिला दाजी मोटरसायकलवर आमच्या घरी घेऊन आले. तिला दिल्लीला जाऊन भूगोल शिकायचा होता. भूगोलच का, तर तापी आपल्याकडे पश्चिमेला वाहते आणि देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला, हे तिनं पाचवीत वाचलं तेव्हापासून तिला त्याचं कारण पाहिजे होतं. शाळेतल्या सरांनी सांगितलं ते तिला पुरलं नव्हतं.

दाजी ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि निघताना मला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. हा माणूस कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. त्या दिवशी बोलला. म्हणाले, "पोरगी हुशार आहे ते मला माहीत आहे. इंदूरला मी बी हुशारच गेलतो."

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी काढत नसे. दाजी तरुणपणी इंदूरच्या कॉलेजात गेले होते. तिथं सगळं इंग्रजीत. वर्गात काय चाललंय ते कळेना, विचारायची लाज वाटली, आणि दिवाळीला घरी आले ते परत गेलेच नाहीत. त्यानंतर त्यांनी पुस्तक म्हणून हातात धरलं नाही. आता ते मला एवढंच सांगत होते की इंग्रजीच्या पेपरात पोरगी टिकली तर पाठवतो, नाही टिकली तर तिनं इथंच बी.ए. करावं. त्यांच्यासारखी परत यायला नको. मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाले, "तुम्ही सांगाल ते मी मानीन. पण खरं सांगजा."

झालं. एरवी मी मुलांच्या भवितव्याचा भार घेतो, पण तो जिना उतरताना खाली ठेवता येतो. हा घरात मुक्कामाला आला होता आणि माझ्याच ताटाशेजारी बसून जेवत होता.

वर्गात सर म्हणायचं आणि घरात मामा, असा करार झाला. दोन दिवसांत मोडला. वर्गात तिनं हात वर करून "मामा सर" अशी हाक मारली आणि तेव्हापासून सगळा वर्ग मला मामा सर म्हणतो. पोरगी मात्र अफाट. झरझर वाचायची. आकडे, नावं, कोण कुठं गेलं, आधी काय झालं, मग काय झालं, असे प्रश्न एका झपाट्यात बरोबर. मला तर उकळ्या फुटायला लागल्या. मग सराव परीक्षा घेतली आणि पेपर तपासताना माझी पेन्सिल थांबली.

लेखकाला त्या माणसाबद्दल काय वाटतं? चूक. उताऱ्याचा सूर कसा आहे? चूक. ह्या माणसाला कोणतं विशेषण शोभेल? चूक, आणि तेही असं चूक की नेमकं उलटं. चांगल्या माणसाला तिनं वाईट ठरवलेलं आणि वाईटाला चांगलं. दुसरी परीक्षा घेतली, तेच. तिसरी, तेच. अंदाजानं चुकणारा मुलगा मला ओळखू येतो, तो कधी इकडे चुकतो कधी तिकडे. ही मात्र ठाम चुकत होती.

मी माझ्या पोतडीतलं सगळं बाहेर काढलं. आधी प्रश्न वाच, मग उतारा. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य नीट बघ. 'पण' आणि 'तरीही' ह्या शब्दांना गोल कर. तिनं एवढे गोल केले की कागद चाळणीसारखा दिसायला लागला. उत्तरं जिथल्या तिथं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मामा, मला सगळं समजून राहिलं ना, तरी उत्तर चुकून राहिलं." आणि मला खरोखर कळेना की सगळं समजणाऱ्या मुलीला आणखी काय समजावायचं असतं.

दाजींचा फोन यायचा. कसं चाललंय, एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, चाललंय. ते म्हणायचे, बरं. त्या 'बरं'मध्ये इंदूर ऐकू यायचं.

उलगडा झाला तो आमच्या स्वयंपाकघरात. माझी बायको रेखा मुगाचे वडे घालत होती आणि हर्षाली तिच्याशेजारी बसून हात चालवत होती. रेखाला गोष्टींचा नाद. टीव्हीवरची संपली की तिला माणसांची लागते. तिनं सहज विचारलं, आज वर्गात काय वाचलं गं? त्या दिवशीचा उतारा डोंगरातल्या एका गावाचा होता. ओढ्यापलीकडच्या शाळेत मुलांना जाता यावं म्हणून एक बाई पूल बांधून घेते. साधा उतारा. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतो, दार उघडं होतं.

हर्षाली सांगायला लागली. "मामी, एक बाई होती. तिनं गावाची लय चेष्टा केली. वर्षानुवर्षं चेष्टाच करत होती."

मी मान वर केली.

"मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांवर आपत्ती आली. त्यांच्यावर आपत्ती येऊनही बाई थांबली नाही. साहेबाच्या ऑफिसात गेली आणि आग्रह करत बसली. साहेब चांगला होता, त्याला अभिमान होता. पण बाई ऐकेना. शेवटी तिचं समाधान झालं आणि पूल झाला."

रेखाचा हात वड्यावरच थांबला होता. "बाई गं," ती म्हणाली, "म्हाताऱ्यांवर संकट आलं तरी टवाळी सुटली नाही तिची? असतात हो अशा. आमच्या रावेरला एक होती." आणि तिनं ती रावेरची सांगायला सुरुवात केली.

मी उठून आत गेलो. पेन्सिल हातातच. हर्षालीला म्हटलं, चेष्टा कुठल्या शब्दाची? तिनं इंग्रजी शब्द सांगितला, एफर्ट. म्हटलं, एफर्ट म्हणजे चेष्टा हे कोणी सांगितलं? म्हणाली, मोबाइलच्या डिक्शनरीनं. हिंदी अर्थ दाखवते ना ती. आपत्ती कुठली? ऑब्जेक्शन. समाधान? सोल्यूशन. आग्रह? रिक्वेस्ट. आणि अभिमान? तिनं सांगितलं, ॲरोगन्स.

मी तिथंच चुलीपुढं फरशीवर फतकल मारून हसायला लागलो. रेखाला वाटलं उन्हानं मला काहीतरी झालं. हर्षाली रडवेली. मी हातानंच थांबा म्हटलं, कारण बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला आमच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. (हे वाक्य छापू नका असं रेखा म्हणते आहे. छापा.)

काय झालं होतं ते सांगतो. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. आमची शाळा हिंदीत, पाट्या हिंदीत, सरकारी कागद हिंदीत. घरात मात्र मराठी, तीही खानदेशी वळणाची. बाजारात दोन्हीची मिसळ. रोजच्या हिंदीत आमची पोरं पट्टीची, त्यात त्यांना कोणी हरवणार नाही. पण डिक्शनरी देते ती रोजची हिंदी नव्हे. ती 'कोशिश' सांगत नाही, 'चेष्टा' सांगते. 'ऐतराज' सांगत नाही, 'आपत्ति' सांगते. ही जड हिंदी पोरांनी कधी कोणाच्या तोंडून ऐकलेली नसते. मग तो शब्द त्यांना ओळखीचा वाटतो तो कशामुळे? घरच्या मराठीमुळे. दिसायला तोच शब्द, पण आपल्याकडे त्याचा अर्थ निराळा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपत्ति म्हणजे हरकत, समाधान म्हणजे तोडगा, आग्रह म्हणजे विनंती, अभिमान म्हणजे गर्व. मराठीत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे झटून काम करणारी बाई हर्षालीच्या डोक्यात टवाळखोर झाली, म्हाताऱ्यांनी हरकत घेतली तर त्यांच्यावर संकट कोसळलं, आणि माजोरी साहेब स्वाभिमानी ठरला. गोष्ट तिला पूर्ण समजली होती. चोख समजली होती. फक्त ती उताऱ्यात नव्हती.

आणि ही चूक फक्त आमच्याकडचीच पोरं करू शकतात. भोपाळच्या मुलाला ती जमणार नाही, पुण्याच्या मुलीला तर मुळीच नाही. त्यासाठी शाळा एका भाषेत आणि वरणभात दुसऱ्या भाषेत लागतो. रेखा लग्न होऊन रावेरहून इथं आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या शाळेवर 'शिक्षा का मंदिर' लिहिलेलं होतं. तिनं मला विचारलं होतं, इथं पोरांना मारतात ते पाटीवर लिहूनच का? तेव्हा मी चारचौघांत तिला हसलो होतो. त्याचं उट्टं तिनं आता काढलं. म्हणाली, इतकी वर्षं शिकवता आणि ही गोष्ट स्वयंपाकघरात यावी लागली.

मी हर्षालीला म्हटलं, तू रावेरला जायला निघतेस आणि आधी खंडव्याला जाऊन येतेस. रावेर इकडे मराठीत, खंडवा तिकडे हिंदीत. मधलं स्टेशन बंद. इंग्रजी शब्द वाचला की सरळ घरी यायचं. ताई काय म्हणेल, मामी काय म्हणेल, बांधावरचा गडी काय म्हणेल, ते आठवायचं. एफर्ट म्हणजे खटपट. ऑब्जेक्शन म्हणजे हरकत. ॲरोगन्स म्हणजे?

"माज," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा असा फुलला की मला पुढचा शब्द विचारायलाच सुचेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हा प्रयोग सगळ्यांवर केला. फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा आणि मुलांनी घरचा शब्द ओरडून सांगायचा. ज्याच्या घरी जे बोलतात ते. पुस्तकी शब्द सांगेल तो उभा राहील. पाच मिनिटांत माडीचा बाजार झाला. खटपट, धडपड, कोशिश, मेहनत. पॉवरलूमवाल्यांच्या घरातला सादिक 'ऐतराज' म्हणाला, त्याला कोणी 'आडवं लावणं' म्हणून उत्तर दिलं, त्यावर दोघांची जुंपली की कोणतं जास्त बरोबर. आजवर मागच्या भिंतीला टेकून बसणारी पोरं बाकावर उभी राहून बोलत होती. माझा घसा बसला आणि मी शिट्टीसारखा आवाज काढत राहिलो.

खालचे बांगडीवाले गोपालसेठ जिना चढून आले. सर, झगडा झाला का, म्हणाले. मी म्हटलं नाही, शब्द चाललेत, आणि आलाच आहात तर एक तुम्हीही सांगा. हेझिटेट, म्हणजे पाऊल उचलायचं की नाही असं होणं. गोपालसेठनी कपाळावरचा घाम पुसला, विचार केला आणि म्हणाले, "बाई दुकानात येते, दहा डबे काढायला लावते, हात पुढं करते, आणि बांगडी चढवायच्या वेळी हात मागं घेते. ते." सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या परीक्षेत तो शब्द आला नाही, पण आला असता तर आमच्या वर्गातलं एकही पोर चुकलं नसतं, ह्यावर मी पैज लावतो.

त्यानंतरचे दिवस माझ्या धंद्यातले सगळ्यांत मजेचे. हर्षाली रोज एक उतारा वाचायची आणि संध्याकाळी मामीला गोष्ट म्हणून सांगायची. गोष्टीत कुठं गोंधळ वाटला की रेखाच विचारायची, अगं, पण ती अशी का वागली? हर्षाली परत उताऱ्यात बघायची. शेजारच्या दोघी बायका यायला लागल्या. ध्रुवावरचे पक्षी, कुठल्याशा बेटावरचे कोळी, खाणीतले मजूर, सगळे आमच्या ओट्यावर येऊन मराठी बोलून गेले. उलटी उत्तरं सुलटी व्हायला लागली. एकदम नाही. मधूनच खंडव्याला जाऊन यायची ती, पण वाटेत लक्षात येऊन परत फिरायची. दाजींचा फोन आला की मी 'चाललंय'च म्हणायचो. खरं सांगजा म्हणाले होते, आणि खरं काय ते अजून मलाच नीट दिसत नव्हतं.

परीक्षा झाली. सेंटरवरून बाहेर आली ती म्हणाली, मामा, मला काहीच आठवत नाही. मग काही दिवसांनी उत्तरतालिका आली. म्हणजे आपण दिलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर दोन्ही मोबाइलवर दिसतात. तोवर हर्षाली खकनारला परत गेली होती. तिचा फोन आला, मामा, मी एकटी नाही बघणार. मी आणि रेखा एसटी पकडायला धावलो, आणि मध्य प्रदेशानं सरकारी बस कधीच बंद केली, आमच्याकडे एसटी नावाची गोष्ट राहिलेली नाही, हे स्टँडवर पोचल्यावर मला आठवलं. महाराष्ट्रात सासर असल्याचा हा परिणाम. एका खासगी बसमध्ये उभे राहून गेलो.

ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. दाजी शेतातून नुकतेच आलेले, केळीच्या चिकानं हात काळे. ते जरा अंतर ठेवून खांबाला टेकून बसले, जसं काही त्यांचा ह्याच्याशी संबंध नाही. हर्षालीनं इंग्रजीचा पेपर उघडला. नेटवर्क फिरत राहिलं. ताईनं देवापुढं दिवा लावला तोवर पान उघडलं.

पहिला उतारा. ती आपलं उत्तर वाचायची, मी तालिकेतलं. बरोबर. बरोबर. बरोबर. एक चूक. मग परत बरोबर. मी प्रत्येक उत्तराला गुडघ्यावर थाप मारत होतो, रेखा मला गप्प करत होती. मग शेवटचा मोठा उतारा आला. हर्षाली म्हणाली, मामा, हाच तो, ह्यात मी लय वेळ घालवला. मी चष्मा पुसला. प्रश्न होता, ह्या म्हाताऱ्याचा स्वभाव कसा दिसतो? मी चटकन वाचलं आणि छातीठोकपणे म्हणालो, हट्टी. तिनं दिलं होतं, आशावादी. मला वाटलं, तेच जुनं दुखणं, उलटं उत्तर. मी काही बोलायच्या आत तिनं बोट खाली सरकवलं. तालिकेत होतं, आशावादी. तीस वर्षं हा धंदा करणारा माणूस चुकला होता. मी इतक्या जोरात थाप मारली की गुडघा अजून दुखतो.

तेवढ्यात खांबापासून आवाज आला. "कोणता म्हातारा?"

सगळ्यांनी वळून बघितलं. दाजी इकडे बघत होते. हर्षाली मोबाइल ठेवून त्यांच्याकडे वळून बसली आणि तिनं त्यांना उतारा सांगितला. एक नदी होती, तिनं वाट बदलली. घाट कोरडा पडला. गावातला एक म्हातारा नावाडी मात्र होडी त्या कोरड्या घाटालाच बांधून ठेवायचा. नदी परत येईल म्हणायचा. लोक हसायचे. मग नदीची मोजणी करायला एक बाई आली, नकाशा घेऊन. तिनं म्हाताऱ्याला समजावलं, बाबा, नदी आता तिकडून वाहते. तो म्हणाला, नकाशा तुझा आहे, नदी माझी आहे. बाई रोज मोजायची, तो रोज होडीला तेल लावायचा. दोघं घाटावर बसून भाकरी खायचे. आणि एक दिवस सकाळी बाई घाटावर गेली तर होडी जाग्यावर नव्हती.

हर्षाली थांबली. खकनारच्या घरची मराठी, मधे एकही शब्द अडला नाही. दाजी खांब सोडून पुढं सरकले होते.

"मग? कोणी नेली?"

"इथंच संपला उतारा, पप्पा."

"असा कसा संपला? अर्ध्यात?"

मला वाटलं, हा माझा प्रांत. मी समजावलं की उतारा असाच असतो दाजी, एखाद्या मोठ्या पुस्तकातून तेवढाच तुकडा कापून घेतात. प्रश्न विचारण्यापुरता. परीक्षेला पुढचं लागत नाही.

"परीक्षेला नसंल लागत," दाजी म्हणाले. "माणसाला लागतं ना."

इतक्या वर्षांत इतके उतारे मी मुलांपुढं वाढले, चार-चार पर्यायांत चिरून. होडी कुठं गेली असं एकानंही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला फक्त नावाडी हट्टी वाटला होता, आणि तेही चुकून.

दाजींनी पोरीला विचारलं, हे पुस्तक मिळतं कुठं? हर्षालीनं माझ्याकडे बघितलं, मी रेखाकडे. मग तीच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "दिल्लीला कॉलेजच्या लायब्ररीत असंल, पप्पा. तिथं सगळी असतात."

दाजी उठले. अंगणातल्या बादलीवर जाऊन हात धुवायला लागले. केळीचा चीक काही पाण्यानं जात नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, तरी बराच वेळ चोळत होते. ताईनं मला खूण केली, बोल. मी तोंड उघडलं. पण त्यांनी पाठमोऱ्यानंच सांगितलं, "जाय मग. अन् होडीचं काय झालं ते मला कळव."

पुढं रीतसर निकाल लागला, यादी लागली, नाव आलं. हर्षाली दिल्लीला गेली. पहिल्या महिन्यात रडली, वर्गात काही कळत नाही म्हणाली, मग कळायला लागलं म्हणाली. तापी पश्चिमेला का वाहते ते तिला तिथल्या बाईंनी समजावून दिलं, आणि आता तिला त्याच्याही मागचं कारण पाहिजे आहे. मी बुधवाऱ्यातल्या माडीवर आहे, फळ्यावर शब्द लिहितो आहे, आणि प्रत्येक उतारा संपला की पोरांना विचारतो, पुढं काय झालं असेल? त्याला मार्क नसतात. तरी ओरडून ओरडून सांगतात, आणि गोपालसेठ जिना चढून ऐकायला येतात.

पुस्तक अजून सापडलेलं नाही. परीक्षेत लेखकाचं नाव दिलेलं नव्हतं, आणि नदीवरची पुस्तकं त्या लायब्ररीत पुष्कळ आहेत. दाजी दर रविवारी फोन करतात आणि होडीची चौकशी करतात. परवा मी खकनारला गेलो होतो तेव्हा त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ती पलीकडून सांगत होती, पप्पा, आणखी दोन कपाटं राहिली आहेत, बघते. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"बघ," ते म्हणाले. "घाई करू नको."